सिंधूची शेवटची जबानी : 'एकच प्याला'तील शपथ, युक्तिवाद आणि एक असत्य

(राम गणेश गडकरी यांच्या स्मृतीनिमित्त गुरुग्राम येथे झालेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या पाच अंकी नाटकाच्या अखेरीस मरणाच्या दारात असलेली सिंधू फौजदारापुढे जे सांगते ते खरे नसते, आणि एकदा दिलेला शब्द अन्नावाचून राहण्याची पाळी आली तरी न मोडणाऱ्या स्त्रीच्या तोंडून हे असत्य बाहेर पडते, ही या नाटकातील सर्वांत अवघड जागा आहे. आपल्या मृत्यूचा दोष नवऱ्यावर येऊ नये म्हणून ती खोटी जबानी देते, एवढे प्रत्येक वाचकाला कळते. पण ती खोटे का बोलते या प्रश्नाला मराठी समीक्षेने आणि प्रेक्षकवर्गाने बहुधा एका शब्दात उत्तर दिले आहे, आणि तो शब्द म्हणजे पातिव्रत्य. हे उत्तर चुकीचे म्हणता येणार नाही, मात्र त्याने प्रश्न सुटत नसून केवळ बंद होतो. ज्या पातिव्रत्यामुळे सिंधूने सत्याला घट्ट धरून ठेवले, त्याच पातिव्रत्यामुळे तिने ते सोडले असे म्हटले, तर या दोन प्रसंगांच्या मध्ये तिच्या मनात काय घडले हे सांगणे शिल्लकच राहते. 'एकच प्याला' हे दारूविषयीचे नाटक आहे ही समजूत थोडी बाजूला सारून, माणसे आपला शब्द कसा देतात, कसा मोडतात आणि कोणाच्या तोंडी घालतात याविषयीचे नाटक म्हणून ते वाचले, तर या जबानीचा आणि तिच्याभोवतीच्या इतर कोड्यांचा अर्थ लागू शकतो, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

या अर्थनिर्णयात एक अडचण पहिल्यापासून आहे. गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी नागपूरजवळच्या सावनेर येथे वारले तेव्हा ते चौतीस वर्षांचेही नव्हते, आणि 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने त्यानंतर चार आठवड्यांनी, 20 फेब्रुवारी 1919 रोजी बडोद्यात केला. नाटककाराने आपले नाटक रंगभूमीवर पाहिलेच नाही, त्यामुळे कोणत्याही नटाला किंवा समीक्षकाला त्याच्याकडे जाऊन एखाद्या वाक्याचा खुलासा मागता आला नाही. त्यातच नाटकाची पदे गडकऱ्यांच्या हातची नसून त्यांचे स्नेही विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिलेली आहेत. ही गोष्ट नाट्यसंगीताच्या इतिहासात तळटीपेसारखी नोंदवली जात असली, तरी सिंधूचा स्वभाव ठरवताना तिला फार मोठे महत्त्व आहे. बालगंधर्वांनी सिंधूची भूमिका केली, आणि भरजरी शालूतल्या नायिकांसाठी ज्यांची कीर्ती होती त्या नटाला दारिद्र्यात पिचलेल्या गृहिणीच्या वेषात पाहून आणि त्या वेषात गाताना ऐकून प्रेक्षकांच्या मनावर जी सिंधू कोरली गेली, ती प्रामुख्याने गाणारी, आर्जवी, करुण सिंधू होती. गद्यातली सिंधू इतकी मऊ नाही. पदे वगळून केवळ तिचे संवाद सलग वाचले, तर तिच्यात एक कणखर हट्ट आढळतो, जो तिच्या नवऱ्याच्या हट्टाशी थेट नाते सांगतो. दोन लेखकांच्या हातून घडलेल्या या व्यक्तिरेखेचा हेतू शोधताना गुर्जरांचा गोडवा आणि गडकऱ्यांचा कणखरपणा वेगळा करून पाहणे, हे अर्थनिर्णयाचे पहिले काम ठरते.

सिंधूचा नवरा सुधाकर पहिला प्याला का घेतो, हे वरवर पाहता नाटकातील सर्वांत सोपे कोडे आहे. तो बुद्धिमान, तरतरीत आणि मानी वकील आहे. न्यायालयात मुन्सफाशी त्याचा खटका उडतो आणि त्याची सनद, म्हणजे वकिली करण्याचा सरकारी परवाना, काही महिन्यांसाठी काढून घेतली जाते. अपमानाची आग सहन होत नाही, तेव्हा त्याचा कारकून तळीराम त्याला क्षणभर विसर पडावा म्हणून एक प्याला पुढे करतो. शिक्षेची मुदत मर्यादित आहे आणि ती संपल्यावर सनद परत मिळणार आहे, सासर सधन आहे, पत्नी अनुरूप आहे, मित्र हितचिंतक आहे. मग एवढ्या लहान आघाताने एवढा मोठा माणूस कोसळावा, हे अनेकांना अविश्वसनीय वाटले आहे, आणि गडकऱ्यांनी कारण व परिणाम यांचे प्रमाण सांभाळले नाही असा आक्षेपही घेण्यात येतो. ॲरिस्टॉटलने शोकात्म नाटकाच्या नायकाविषयी 'हॅमार्शिया' ही संज्ञा वापरली आहे. तिचे भाषांतर कधी 'दोष' तर कधी 'प्रमाद' असे होते, परंतु मूळ ग्रीक शब्द नेम चुकण्याशी निगडित आहे, आणि सुधाकराच्या बाबतीत हा मूळ अर्थच अधिक उपयोगी पडतो. त्याचा मानीपणा हा दोष नव्हे, किंबहुना तो गेला असता तर सुधाकर उरलाच नसता. मात्र हा मान न्यायालयात ज्या शब्दसामर्थ्यावर उभा होता, तेच सामर्थ्य सनदेबरोबर हिरावले गेले. वकिलाला बोलायची बंदी झाली, हा त्याच्यापुरता मृत्युदंडच होता. म्हणून मुदतीचा हिशोब त्याच्या दृष्टीने निरर्थक आहे. आक्षेप घेणारे महिने मोजतात, तो मात्र जमलेल्या लोकांसमोर गप्प बसावे लागण्याचा एकच क्षण पुन्हा पुन्हा जगत असतो.

या अर्थाला पुष्टी देणारी जागा नाटकाच्या मध्यानंतर येते. सुधाकराचा मित्र रामलाल दारू सोडण्याविषयी विनवत असताना सुधाकर व्यसनाच्या अवस्था एकामागून एक उलगडून सांगतो आणि दारू सोडण्याची खरी वेळ पहिल्या प्याल्याच्या आधीचीच असते, नंतर नव्हे, असा निष्कर्ष काढतो. हे भाषण मराठी रंगभूमीवर इतके गाजले आहे की त्यातला विरोधाभास ऐकणाऱ्याच्या लक्षातून निसटतो. ज्याला आपल्या रोगाचे इतके स्वच्छ निदान करता येते तो त्यातून सुटत का नाही, असा प्रश्न साहजिक आहे, आणि बहुतेक नट हे भाषण पश्चात्तापाच्या सुरात म्हणून त्याचे उत्तर टाळतात. वास्तविक हा पश्चात्ताप नाही. सनद गमावलेल्या वकिलाने चालवलेला हा शेवटचा खटला आहे. मुद्द्यांची मांडणी, उदाहरणे, प्रतिपक्षाच्या शंकांना आधीच दिलेली उत्तरे, हे सगळे न्यायालयात शोभावे असे आहे, आणि त्याने चालवलेली बाजू स्वतःच्या सुटकेच्या विरुद्धची आहे. सुधाकर युक्तिवाद जिंकतो. रामलालापाशी त्याला उत्तर नसते. शब्दावरची आपली हुकमत अजून शाबूत आहे हे सिद्ध करण्याचा आनंद त्याला मिळतो, पण त्याची किंमत म्हणजे स्वतःच्या सुटकेची वाट त्याने स्वतःच्या तोंडाने बंद केलेली असते. व्यसनाविषयीचे ज्ञान त्याला वाचवत नाही याचे कारण, ते ज्ञानही त्याने पिण्याच्या समर्थनासाठी वापरलेले असते.

तळीरामाचा हेतू हे त्याहून वेगळे कोडे आहे. गडकऱ्यांनी घडवलेले हे पात्र इतके लोकांच्या तोंडी बसले की आज मराठी वृत्तपत्रांत दारुड्यासाठी सर्रास 'तळीराम' हा शब्द वापरला जातो, आणि विशेषनाम सामान्यनाम झाल्यामुळे त्या पात्राचे वेगळेपण झाकले गेले. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'तील इयागोशी त्याची तुलना करण्याचा मोह अनेकांना होतो. गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'झुंझारराव' (1890) या रूपांतरामुळे हा खलपुरुष जाधवराव या नावाने मराठी प्रेक्षकांच्या परिचयाचा झालेला होता, आणि इंग्रज कवी व समीक्षक कोलरिज याने इयागोच्या दुष्टपणाला निमित्त सापडत नाही, तो निमित्त शोधत राहणारा दुष्टपणा आहे, अशा आशयाचे जे निरीक्षण नोंदवले आहे ते प्रसिद्ध आहे. तळीराम मात्र दुष्ट नाहीच. सुधाकराचा नाश झाल्याने त्याचा कोणताही लाभ होत नाही, उलट ज्याच्या आधारावर तो जगतो तो मालकच बुडतो. त्याला हवी असते ती सोबत. 'आर्य मदिरा मंडळ' स्थापन करून त्याला नियम, सभा आणि तात्त्विक चर्चा यांचा साज चढवणारा हा माणूस एकट्याने पिणे सहन करू शकत नाही, कारण एकट्याच्या पिण्याला व्यसन म्हणावे लागते आणि दहा जणांच्या पिण्याला संस्था म्हणता येते. गडकऱ्यांचा विनोद येथे शोकात्मतेच्या सेवेला जुंपला आहे: मंडळातील हास्यकल्लोळात प्रेक्षकही सामील होतो आणि पुढे वैद्य व डॉक्टर यांच्या भांडणात तळीराम मरणाला टेकतो तेव्हा आपण कशाला हसत होतो हे त्याच्या ध्यानात येते.

दारूवरील नाटके मराठीत त्यापूर्वीही झाली होती. गडकऱ्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्या 'मूकनायक'मध्ये हा विषय होता, आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'विद्याहरण'मध्ये कच-देवयानीच्या कथेतून शुक्राचार्यांचे मद्यपान व त्यांनी केलेला मद्याचा त्याग दाखवला होता. शुक्राचार्यांच्या शब्दाने मद्य कायमचे निषिद्ध ठरते. पुराणात ऋषीचा शब्द कायदा होऊ शकतो. सुधाकराच्या शब्दात ती शक्ती नाही, आणि कायद्याच्या शब्दातही ती नसते, हे हरियाणाने अनुभवले आहे: 1 जुलै 1996 पासून राज्यात लागू झालेली दारूबंदी 1 एप्रिल 1998 रोजी, म्हणजे एकवीस महिन्यांनी, उठवावी लागली. 'एकच प्याला'ला दारूबंदीचे प्रचारनाट्य म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी की या नाटकात दारूच्या दुकानाला कोणी टाळे लावले असते तरी सुधाकराची जखम भरली नसती.

आता पुन्हा सिंधूकडे वळता येईल. तिचा भाऊ पद्माकर आणि तिचे वडील तिला माहेरी न्यायला येतात तेव्हा नशेत असलेला सुधाकर तिच्याकडून शपथ वदवून घेतो की त्यांच्याकडून एक पैही ती घेणार नाही. ही शपथ सिंधूने मागितलेली नाही, तिचे शब्दही तिचे नाहीत. सनद गेलेल्या वकिलाने आपली अखेरची हुकूमत पत्नीच्या तोंडून बजावून घेतली आहे. पुढे सिंधू दळणकांडण करून पोट भरते, तान्ह्या बाळाची उपासमार पाहते, मदतीचा हात दारात उभा असताना तो परतवते, पण शपथ मोडत नाही. येथे तिच्यावर दोन प्रकारचे न्याय दिले गेले आहेत. एका पिढीने तिला साध्वी म्हणून डोक्यावर घेतले, तर नंतरच्या स्त्रीवादी वाचनाने तिला गुलामीचे आदर्शीकरण ठरवून तळीरामाच्या स्पष्टवक्त्या बायकोची, गीतेची, बाजू घेतली. दुसऱ्या वाचनात बरेच तथ्य आहे आणि गीतेला नाटकात ठेवून गडकऱ्यांनी स्वतःच त्या वाचनाची सोय केली आहे. तथापि, दोन्ही वाचनांत सिंधू ही केवळ सहन करणारी आहे असे गृहीत धरलेले असते. नशेत घेतलेली शपथ बंधनकारक नाही असे तिला कोणीही सांगू शकले असते, आणि घालणारा स्वतः रोज शपथा मोडत असताना ती मोडण्याने तिला दोष लागला नसता. तरीही ती पाळते, कारण त्या घरात शब्दाला किंमत आहे असे सांगणारे तिच्याखेरीज कोणी उरलेले नाही. नवऱ्याने मोडलेल्या प्रत्येक प्रतिज्ञेची भरपाई ती आपली एक शपथ पाळून करते. हा मानीपणाच आहे, सुधाकराच्या मानीपणाइतकाच तीव्र, आणि त्याची झळ सर्वाधिक बाळाला लागते हे लपवण्याचा नाटककाराने प्रयत्नही केलेला नाही. 'पुण्यप्रभाव' या गडकऱ्यांच्या आधीच्या नाटकात वसुंधरेच्या सतीत्वाने खलपुरुषाचे हृदयपरिवर्तन होते. तेच सतीत्व 'एकच प्याला'त कोणालाही वाचवू शकत नाही. एकाच लेखकाने थोड्या वर्षांच्या अंतराने आपल्याच श्रद्धेची घेतलेली ही परीक्षा आहे, आणि तिचा निकाल त्याने प्रामाणिकपणे नोंदवला आहे.

रामलालाचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटतो. एवढा विवेकी मित्र इतका निष्प्रभ का ठरतो, याचे कारण सुधाकराची बालविधवा बहीण शरद हिच्याविषयी त्याच्या मनात उत्पन्न झालेल्या ओढीत आहे. शरदचे भगीरथ या तरुणावर प्रेम आहे हे दिसत असताना रामलाल पालकत्वाच्या आडून आपल्या इच्छेला थारा देतो आणि बऱ्याच उशिरा तिची कबुली देतो. हे उपकथानक लांबले आहे, त्यातील संवाद काही ठिकाणी कृत्रिम वाटतात, परंतु त्याच्यामुळे एक गोष्ट साधते: दुसऱ्याला संयम शिकवणाऱ्याच्या मनातही 'एवढे एकदाच' अशी सवलत मागणारा प्याला भरलेला असतो. नाटकाच्या नावातील 'एकच' या शब्दाचा अर्थ त्यामुळे दारूच्या पलीकडे जातो.

सुधाकर मध्येच दारू सोडतो, कामासाठी जुन्या परिचितांच्या दारी जातो, तेथे पुन्हा मानहानी पदरी घेतो आणि पुन्हा पितो. सनदेच्या वेळी जखम जेथे झाली होती नेमकी तेथेच ही दुसरी जखम होते, त्यामुळे येथे वेगळे कारण शोधण्याची गरज नाही. या वेळी मात्र त्याच्यापाशी युक्तिवादही उरलेला नसतो. संशय, मारहाण, त्याच्याच हातून झालेला बाळाचा अंत आणि सिंधूला झालेली जीवघेणी इजा, हे सारे अखेरच्या अंकात वेगाने घडते, आणि मग फौजदार समोर उभा राहतो.

या प्रसंगाचे कायदेशीर अंग समजून घेणे आवश्यक आहे, कारण नायक वकील असल्यामुळे ते त्याला पुरेपूर ठाऊक असणार. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 32 नुसार, मृत व्यक्तीने आपल्या मृत्यूच्या कारणाविषयी केलेले निवेदन पुराव्यात घेता येत असे. त्याला मृत्युपूर्व जबानी म्हणतात, आणि 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कलम 26 मध्ये कायम आहे. एरवी ऐकीव साक्ष न्यायालय मानत नाही. या अपवादामागे, मरणाच्या उंबरठ्यावर माणूस खोटे बोलणार नाही, हा जुना विश्वास आहे. सिंधू याच विश्वासाचा उपयोग करते. जन्मभर शब्द पाळून तिने जी पत मिळवली ती सगळी एका असत्यासाठी खर्च करते, आणि तिची पत एवढी मोठी असल्यामुळेच ते असत्य चालते. शपथ सुधाकराने तिच्या तोंडी घातलेली होती. ही जबानी कोणी तिच्या तोंडी घातलेली नाही. नाटकातील तिचा हा पहिला संपूर्णपणे स्वतःचा शब्द आहे, आणि तो खोटा आहे. तिच्या दास्याचा हा कळस म्हणावा की तिच्या स्वातंत्र्याचा एकमेव क्षण, यावर मतभेद होऊ शकतो. प्रस्तुत व्याख्यानाचा कौल दुसऱ्या बाजूला आहे, कारण या वाक्याने सिंधू प्रथमच नवऱ्याची आज्ञा पाळत नसून त्याच्या भवितव्याचा निर्णय देते.

शेक्सपिअरची डेस्डेमोनाही मरताना आपल्या मृत्यूचा दोष स्वतःवर घेते. पण ते शब्द एका सखीच्या कानी पडतात, आणि ऑथेल्लो लगेच ते खोटे ठरवून खून आपणच केल्याचे बजावतो. गडकऱ्यांनी त्या जागी कायद्याचा माणूस उभा केल्यामुळे असत्याचे वजन बदलते.

गुरुग्राममध्ये या प्रश्नाचा विचार करताना आणखी एक असत्य आठवणे अपरिहार्य आहे. 2016 मध्ये शासनाने 'गुडगाव'चे 'गुरुग्राम' केले ते ज्या परंपरेच्या आधारावर, त्या परंपरेनुसार हे गाव द्रोणाचार्यांना मिळालेले होते. येथल्या खांडसा गावात एकलव्याचे छोटे मंदिरही आहे. एकलव्याकडून द्रोणांनी अंगठा मागितला आणि त्याने तो शब्दाखातर दिला, आणि पुढे त्याच द्रोणांचा अंत सत्यवचनी युधिष्ठिराच्या अर्धसत्याने झाला. अश्वत्थामा मारला गेल्याची बातमी इतर कोणी सांगितली असती तर द्रोणांनी शस्त्र खाली ठेवले नसते. युधिष्ठिर बोलला म्हणून ठेवले, आणि जमिनीपासून चार बोटे वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या क्षणी भुईला टेकला, असे महाभारत सांगते. सत्यवादी माणसाच्या तोंडचे असत्य इतर कोणाच्याही असत्याहून अधिक परिणामकारक असते, ही गोष्ट दोन्ही ठिकाणी सारखी आहे. फरक हेतूत आहे आणि त्याहून अधिक परिणामात आहे. युधिष्ठिराचे असत्य मारण्यासाठी होते आणि त्याने मारले. सिंधूचे असत्य वाचवण्यासाठी होते, तरी सुधाकर वाचत नाही. तिच्या जबानीने तो कायद्याच्या हातून सुटतो, पण स्वतःच्या हातून सुटत नाही. दारूत विष कालवून घेतलेला त्याचा अखेरचा प्याला हा निराशेतून केलेल्या आत्मघातापेक्षा शिक्षेच्या अंमलबजावणीला अधिक जवळचा आहे: न्यायालयाकडे खटला जाणारच नाही, तेव्हा आरोपी, वकील आणि न्यायाधीश या तिन्ही भूमिका त्याला एकट्यालाच पार पाडाव्या लागतात. पहिल्या प्याल्याच्या वेळी 'एकच' हे खोटे आश्वासन होते, या वेळी ते अक्षरशः खरे आहे. आयुष्यभर मोडलेल्या शपथांनंतर सुधाकर आपला शेवटचा शब्द पाळतो, आणि शब्द पाळणारी सिंधू आपला शेवटचा शब्द मोडते. नवरा-बायकोची ही अदलाबदल ज्या नटाला आणि नटीला उमगते, त्यांच्या प्रयोगात हा शेवट अतिरंजित वाटत नाही.

म्हणून दिग्दर्शकाने या प्रवेशात एक पथ्य पाळणे इष्ट ठरेल. सिंधूची जबानी सुरू असताना प्रेक्षकांची नजर सामान्यतः तिच्याकडे असते. ती सुधाकराकडे वळेल अशी रचना हवी. न्यायालयात गप्प केले गेल्यामुळे ज्याचा नाश सुरू झाला, त्याच्यापुढे साक्ष चालू आहे, ती खोटी आहे हे त्याला माहीत आहे, उलटतपासणी घेण्याइतके शब्द अजून त्याच्यापाशी आहेत, आणि तिचे बोलणे संपेपर्यंत तो एक अक्षरही बोलत नाही. फौजदाराच्या दप्तरी सिंधूने सांगितलेली हकीगतच खरी म्हणून राहील, आणि खरी हकीगत जाणणारे साक्षीदार प्रेक्षागृहात बसलेले असतील.